चार वाजताची संध्याकाळ

दादा,

आई बरी आहे, असं मी तुला फोनवर नेहमी सांगते. आज तेवढ्यावर भागवता येईना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गॅलरीसमोर, समुद्राच्या बाजूला, बावीस मजली हॉटेल उभं राहिलंय. दुपारी चारलाच ऊन जातं. आईला आता फारसं दिसत नाही, पण उन्हात बसून लाटा ऐकायची तिची सवय तुला ठाऊक आहे. आज तिने विचारलं, "दिवस मावळला का गं?"

"हो," मी म्हणाले.

"मग खाली शाळा आत्ता कशी सुटतेय?"

मी खरं सांगितलं. तिने खुर्ची उन्हात सरकवायला लावली. तीनदा सरकवली, पार गॅलरीच्या टोकापर्यंत. तिथेही ऊन नव्हतं. मग म्हणाली, "याला परवानगी कोणी दिली?"

"नगरपालिकेने."

"म्हणजे तुझ्याच ऑफिसने."

चहाचं निमित्त करून मी आत पळाले. परवानगीच्या कागदावर सही माझीच आहे, दादा. शहर सोडण्याआधी तू या हॉटेलच्या टॉवरविरुद्ध दारोदार फिरलास, तेव्हा तुला वेड्यात काढणारीही मीच.

उद्या त्याच्या शेजारी होणाऱ्या टॉवरची फाइल माझ्या टेबलावर येतेय. साहेबांना ती दुपारच्या आत हवी आहे. मी सही करणार नाही, एवढं एकच वाक्य तुला कळवायचं होतं. पण ते लिहिलं की पुढे 'बहुतेक' हा शब्द आपोआप येतोय, आणि तसं पत्र तुला पाठवायला हात धजत नाही.

तुझी,
धाकटी