साचा घेताना बोलायचं नाही

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.१०

योजना पक्की. कोणालाही सांगायचं नाही. हिलासुद्धा नाही.

६.४० : हिला सांगितलं.

मुद्दा असा. लेक फेब्रुवारीपासून माझ्याशी बोलत नाही. अगदीच नाही असं नाही. हो, नाही आणि दार लावून घ्या, एवढं बोलते. कारण क्षुल्लक. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने एक साल चुकीचं सांगितलं आणि मी प्रेक्षकांतून उभा राहून बरोबर साल सांगितलं. बस्स. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

एक जूनला ती होस्टेलवर जाणार. त्याआधी आमचं बोलणं सुरळीत झालं पाहिजे, नाहीतर पुढची चार वर्षं फोनवर हो-नाही, हो-नाही. या विचाराने मला बसवत नाही. सकाळपासून तीनदा बाल्कनीत जाऊन आलो.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती लाइव्ह रोलप्लेला जाते. टाइल्सचं एक बंद पडलेलं गोदाम आहे. तिथे तीसेक माणसं वेश करून दिवसभर कुठल्यातरी काल्पनिक राज्यात राहतात. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. ती तिथे औषधवाली असते आणि म्हणे भरभरून बोलते.

तर मीही जाणार. ओळखू येणार नाही असा. ती माझ्यापाशी मन मोकळं करणार, मग मी चेहरा उघडणार, मग ती गळ्यात पडणार.

हिचं म्हणणं, ती तिथे आपल्यापासून सुटायला जाते. हिला नाट्य कळत नाही.

६ एप्रिल, रविवार

खेळप्रमुख बाईंना भेटलो. पेशाने दातांच्या डॉक्टर. समोरचा बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत नाही, तोंडात बघतात.

रिकामी भूमिका एकच. मांजरवंशाचा राजदूत. अर्धा माणूस, अर्धं मांजर. दोन भांडणाऱ्या राज्यांमध्ये समेट घडवतो. माझ्यासाठीच लिहिल्यासारखी. बाई म्हणाल्या, नाक, गाल, ओठ सगळं चिकटवावं लागतं, सहा तास तसंच राहावं लागतं, आधीच्या तिघांनी मध्येच सोडलं. मी सांगितलं, मी सोडणाऱ्यांतला नाही. (व्हायोलिन, पोहणं आणि जर्मन हे वेगळे विषय आहेत.)

गटात कोणी नात्यातलं आहे का, असंही विचारलं. नाही म्हटलं. हे खोटं नाही. राजदूताचं तिथे कोणीच नात्यातलं नाही.

९ एप्रिल, बुधवार. ऑफिस

वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं शेवटचं तपासणं आजच संपवायचं होतं. त्याऐवजी राजदूताचं समेटाचं भाषण लिहिलं. अकरा पानं. कमी करायला हवं. सातव्या पानावर मलाच भरून आलं, म्हणजे ते ठेवावंच लागेल.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मांजराचं निरीक्षण. चाल, मान, नजर. पंचवीस मिनिटांनी ते उठून दुसऱ्या भिंतीवर गेलं. त्याला दडपण आलं असावं.

१३ एप्रिल, रविवार

साचा घेण्याचा दिवस. मेकअपवाली सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काम करते. वयाने लहान, बोलायला तुटक, हाताला पक्की. सगळीकडे प्लास्टरचे चेहरे, डोळे मिटलेले. तिने समजावलं : आधी चेहऱ्यावर थंडगार लगदा, तो खरवसासारखा घट्ट होतो. त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. निघालेल्या साच्यातून माझा प्लास्टरचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर बेतून मांजराचं तोंड. म्हणून वीस मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या.

सोपं आहे.

पहिला प्रयत्न : चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, तीन मिनिटं झाली. मी सांगितलं, चार. साचा फाटला.

दुसरा प्रयत्न : अकराव्या मिनिटाला ती म्हणाली, आता प्लास्टर वाळत आलं. प्लास्टर वाळून घट्ट होत नाही, ती रासायनिक क्रिया असते. हे तिला माहीत असायला हवं, तिचा धंदा आहे. सांगितलं. साचा फाटला.

ती म्हणाली, गुरुवारी या, बरोबर कोणाला तरी आणा. कशासाठी, तर धरून ठेवायला. मी हसण्यावारी नेलं.

१७ एप्रिल, गुरुवार. अर्धी रजा

ही आली होती. वीस मिनिटं माझा हात धरून बसली. आणि माझ्या उशाशी मेकअपवालीला आमच्या पहिल्या सहलीची गोष्ट सांगत बसली, मी रस्ता चुकलो आणि तरी कोणाला विचारायला तयार नव्हतो ती. मुळात मी चुकलो नव्हतो, रस्ता खणलेला होता. आणि मंगळवार नव्हे, बुधवार होता. मी चेहऱ्यावर लगदा घेऊन पडलेलो. दात आवळले, ओठ आवळले, हिचा हात आवळला. देवा रे. वीस मिनिटं म्हणजे काय असतं हे मला आज कळलं.

पण साचा अखंड निघाला. मनोनिग्रह म्हणतात तो हा.

घरी येताना हिला सांगितलं, बुधवार. ती म्हणाली, बरं.

२० एप्रिल, रविवार

अप्रतिम! काय नाक आहे! काय गाल! वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, मिशांसाठी बारीक बारीक भोकं. आरशात मी नव्हतोच.

किरकोळ अडचणी दोन.

एक. मांजराचं तोंड माझ्या चेहऱ्यावर घट्ट बसतं, पण मी दात-ओठ आवळून धरले तरच. तोंड उघडलं की कडा सुटतात. मेकअपवाली म्हणाली, साचा घेताना तुम्ही जसे चिडून गप्प होता, तसाच चेहरा साच्यात उतरलाय, आता तो त्याच चेहऱ्यावर बसणार. नवा करा म्हटलं. आठवड्यात होत नाही म्हणाली. मूक राजदूत करा म्हणाली. मी खो खो हसलो. डावा गाल निघून हातात आला.

दोन. मिशी. केसांवर गम धरत नाही. बावीस वर्षांची मिशी आहे. शिवाय अचानक काढली तर लेकीला संशय येईल. म्हटलं, आहे त्या मिशीवरच बसवू.

भाषण अकरा पानांवरून चार ओळींवर आणलं. ओठ न हलवता म्हणायचा सराव चालू. हिने दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का.

२२ एप्रिल, मंगळवार

घरी सराव. मिशी मऊ पडावी म्हणून आधी कोल्ड क्रीम चोपडलं, त्यावर गम. काहीच चिकटेना. बाटलीवर लिहिलंय म्हणे, त्वचा कोरडी हवी. मी आयुष्यभर सूचना लिहीत आलो, त्या वाचायची सवय कशी असणार? गम निघेना म्हणून कापसाने पुसला. आता कापूस निघेना.

डाव्या भुवईवर कापूस घेऊन ऑफिसला गेलो. साहेबांनी विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ५.५०

मिशी काढली. लेकीसाठी. ओठावर वारा लागतोय. सारखा हात तिथे जातो.

संध्याकाळी ८.३० : लेकीने जेवताना माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, मीठ द्या इकडे. तीन शब्द! हिचा कयास होता की ती ओळखेल. तिच्या काही लक्षातही आलं नाही. वातावरण निवळतंय एवढं खरं.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ९.४०

साडेपाचपासून मेकअप. गम, कडांवर पातळ लेटेक्सचा थर, पावडर, मग रंग, मग एकेक मिशी चिमट्याने. मेकअपवालीने निघताना माझ्यासमोर बोट धरून सांगितलं, एक शब्द बोललात तरी कडा सुटतील. मी मान हलवली. मान चालते.

हे लिहिताना गोदामाच्या मागच्या पायरीवर बसलोय. शेपटीवर बसायचं कसं हे कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी ७.१०

क्रमाने लिहितो.

दोन्ही राज्यांचे लोक माझ्यापुढे आले आणि भांडले. माझ्या चार ओळी ओठांवर आल्या होत्या. एकदा सुरुवात केली, नाकपुडीपाशी सुटल्यासारखं वाटलं, थांबलो. मग नुसताच एकाकडे बघायचो, मग दुसऱ्याकडे. तासाभराने ते भांडून दमले आणि त्यांनीच समेट केला. खेळप्रमुख बाई म्हणाल्या, इतका चांगला राजदूत आजवर झाला नाही. मला वाटतं माझी नजर कामी आली.

दुपारी लेक आली. गळ्यात औषधांची झोळी, कपाळाला हिरवा पट्टा. मी एका पालथ्या खोक्यावर बसलो होतो, ती शेजारच्या खोक्यावर बसली. राजदूतांचा गाल सुटतोय म्हणाली आणि अंगठ्याने कड दाबून धरली. इतक्या जवळून तिने मला केव्हा पाहिलं होतं, आठवेना.

मग बोलायला लागली. काहीच विचारलं नव्हतं मी, विचारूच शकत नव्हतो. म्हणाली, दूरच्या राज्यात शिकायला जायचंय, भीती वाटते. तिथे कोणाशी जमलं नाही तर? रोज एकटीने जेवावं लागलं तर? घरी सांगता येत नाही, कारण घरी सांगितलं की लगेच कळतं की घाबरण्याची आपली पद्धतही चुकीची आहे.

हे माझ्याबद्दल होतं. मला कळलं. कळलं म्हणजे आतून कळलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण राजदूताला तसं करता येत नाही आणि मलाही बरीच वर्षं आलेलं नाही.

मग म्हणाली, एकदा भर सभेत बोलायला उभी राहिले होते. दोन महिने तयारी केली होती. दोनशे माणसं. मध्येच गर्दीतून एक आवाज आला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. त्यानंतर कुठेही तोंड उघडलं की आधी तो आवाज ऐकू येतो.

माझे डोळे भरून आले. रंग ओघळेल म्हणून वर छताकडे पाहिलं. मी किती दुष्टपणा केला होता, आणि तोही एका सालासाठी. हे मी मनापासून लिहितोय.

पण दोनशे माणसं नव्हती. त्या सभागृहात एकशे साठ खुर्च्या आहेत. मी मोजल्या होत्या, ती मंचावर यायची होती तेव्हा. मी दात आवळले. ओठ आवळले. मांजराचं तोंड इतकं चपखल कधीच बसलं नव्हतं. आता उठून जाईल, आता जाईल, आणि मी सुटेन.

ती म्हणाली, ती दोनशे माणसं अजून माझ्याकडे बघतायत असं वाटतं.

मी म्हणालो, एकशे साठ.

डावा गाल सुटला. नाक हनुवटीवर लोंबलं. मिशा तोंडात गेल्या.

ती दचकली नाही. हे मला कळेना. नुसती बघत राहिली, गुरुवारी जेवताना बघत होती तशी. मग शांतपणे सांगितलं : मिशी गेली तेव्हाच कळलं होतं. न्हाणीघरात गमाचा वास होता. खेळप्रमुख बाईंनी तर पहिल्याच दिवशी तुमचं आडनाव बघून मला विचारलं होतं, मी म्हटलं, येऊ द्या.

मग हे सगळं मला का सांगितलंस, मी विचारलं. नाक हातात धरून.

ती म्हणाली, तुम्ही गप्प बसला होता, बाबा. म्हटलं, सांगून बघावं.

मग झोळी उचलून ती पलीकडे एका जखमी सैनिकाकडे गेली. त्याच्याशी चांगली गप्पा मारत होती.

२८ एप्रिल, सोमवार

गालांवर लाल चट्टे. ऑफिसात सांगितलं, उन्हाचा त्रास.

दिवसभर तिचं वाक्य. फायलींच्या खोलीत चकरा मारून झाल्या. उपाय इतका सोपा होता आणि मी अकरा पानं लिहीत बसलो! आजपासून घरात गप्प राहायचं. अजून चौतीस दिवस आहेत. ती आपणहून बोलेल. मांजराचं तोंड लागत नाही त्याला, नुसती इच्छाशक्ती लागते.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.५०

चहाला तिघंही टेबलाशी. मी एक अक्षर बोललो नाही. साखर कमी होती, बोललो नाही. ही म्हणाली, घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. सात मिनिटं पुढे आहे, बोललो नाही. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. पुन्हा पाहिलं. घसा साफ केला.

सहा मिनिटं झाली होती. मला राहवेना. विचारलं, मी गप्प आहे हे लक्षात आलं का तुझ्या?

ती हो म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

ही म्हणाली, ती बोलणारच होती आत्ता. आणि सहा नाही, चारच मिनिटं झाली होती.