बटणावरची टोपी

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चर्चच्या पाळकीणबाईंचा फोन आला होता. १५ तारखेच्या रविवारी प्रभुभोजनाला तू तुमच्या लाँड्रीतल्या लांब्याला आपल्या बाकावर, तुझ्या शेजारी बसायला बोलावलंस म्हणे. द्राक्षरसाचा पेला हातोहात पुढे जातो, म्हणजे तुझ्या हातातून त्याच्या हातात! ज्या हातानं दादाची टोपी काढली, त्याच हातात?

दुरुस्तीला धुण्याच्या मशीनच्या आत उतरायचं तर आपली टोपी बटणावर टांगायची, ती दिसली की कुणी बटण दाबायचं नाही, हा तुमच्या लाँड्रीतला नियम मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. दादानंच शिकवला. लांब्याला ठाऊक नव्हता? टोपी गळक्या नळाखाली भिजत होती म्हणून वाळत घातली, फिटर, म्हणजे दादा, चहाला गेला असं वाटलं, असं चौकशीत सांगितलं त्यानं. वाटलं म्हणे! आणि दादा आत असताना बटण दाबलं.

येशू क्षमा करतो हे मला सांगू नकोस. तो देव आहे, त्याला परवडतं. मी रविवारी येते आहे. तू त्याला पेला दिलास तर तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही. खोकल्याचं औषध मुकाट्यानं घे.

रागावलेली, तरी तुझीच,
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

औषध घेते आहे. कडू आहे, पण तुझ्या पत्राइतकं नाही.

मी चादरींना इस्त्री करते तिथून लांब्या समोर दिसतो. आता कुणी आत उतरलं की तो बटणासमोर उभा राहतो, पाणी प्यायलाही हलत नाही. देवळात मात्र पेला जवळ आला की उठून बाहेर जातो.

तुझा दादा गेल्यापासून मी ओळीवर बोट ठेवून बायबल वाचते, आणि एका जागी अडकले आहे. आपलाच शिष्य यहूदा आपल्याला धरून देणार हे येशूला माहीत होतं. तरी कमरेला रुमाल बांधून त्यानं त्याचेही पाय धुतले. लांब्याचं निदान चुकून झालं. यहूदानं तर ठरवलेलं होतं. पुढे त्याच रात्री बागेत येशू मरणाच्या धास्तीनं घामाघूम झाला, हे टळू दे म्हणाला. त्याला परवडत नव्हतं गं. आभाळ त्यानं केलं म्हणून मी त्याला मोठा म्हणते, पण माझे गुडघे टेकतात ते त्या पाय धुण्याच्या भांड्यासमोर.

मला जमेल की नाही, माहीत नाही. लांब्यानंही हो-नाही सांगितलेलं नाही. तुझ्या दादाचं माणूस म्हणून मला तूच उरलीस, त्यामुळे येऊ नकोस असं म्हणवत नाही. जेवून नीघ.

लोभ कमी करायचाच तर रविवारनंतर कर.
तुझी वहिनी


१५ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

आज लांब्या माझ्या शेजारी येऊन टेकला, तू पेला माझ्या हातात दिलास आणि उठून गेलीस. पुढचं पाहिलं नाहीस म्हणून लिहिते.

हा तुझ्यासाठी आहे, एवढं म्हणून पेला पुढे द्यायचा असतो. माझ्या तोंडून शब्द फुटेना. कानात ते मशीन सुरू झालं. पाळकसाहेब थांबले, अख्खा बाक थांबला. लांब्या उठायला लागला. मला त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. रागच आला होता. येशूला मनात म्हटलं, तुला जमलं, मला जमत नाही, आता तूच दे. मग घोगऱ्या आवाजात कसेबसे शब्द निघाले. लांब्या प्यायला तेव्हा पेला त्याच्या दातांवर वाजत होता.

माझं मला जमलं असतं, तर मी माझंच कौतुक करत बसले असते. म्हणून स्तुती येशूची.

बाहेर पायरीवर लांब्यानं खिशातून टोपी काढली. धुतलेली, घडी घातलेली. कडेचा ग्रीसचा डाग तसाच आहे. आजवर द्यायचा धीर झाला नाही म्हणाला. मी हात पुढे केला. घेतली.

ती आता आपल्या दाराच्या खुंटीवर आहे. टोपी टांगलेली असली म्हणजे आत माणूस आहे, हे तुला शाळेपासून पाठ आहे. पाय उंबऱ्याला नको लावूस हवं तर; ओलांडून ये.

दार लोटून घेतलेलं नाही.
तुझी वहिनी