कुत्र्यासाठी घर बघायला गेले तेव्हा

आबा, मी एका कुत्र्यासाठी घर बघायला गेले होते, आणि अगदी तुमच्यासारखी गेले होते. तुम्ही म्हणाल, पोरगी म्हातारपणी बिघडली. पण आधी सगळं ऐका. तुम्ही होता तेव्हा मोशीत आमचं, म्हणजे माझ्या सासरचं, वावर होतं. आता त्याच वावरात बिल्डिंग उभी आहे आणि मी तिच्यात वरच्या मजल्यावर राहते. लिफ्टनं एकटी खालीवर करते, कुणाला भीत नाही. बरं, ते राहू द्या. तर खाली भाजीच्या गाडीमागं मला एक कुत्रं सापडलं. मांजराएवढं, कान फाटलेला, मागचा एक पाय उचलून चालायचं. वर आणलं, हळद-तेल लावलं, दूधभाकरी चारली. हळूहळू असं टुणटुणीत झालं की माझा पदर तोंडात धरून घरभर फिरायचं. पण नातीची छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले, केसांनी होतंय, कुत्रं घरात नको. नातीपुढं माझं काय चालणार? मुलगा म्हणाला, "आई, चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर सोडतो, वॉचमन भाकरी टाकेल." मी म्हटलं, "आन् ते कंटेनर वळतात ते खाली बघून वळतात व्हय रं? एक पाय आधीच अधू हाय त्याचा." सूनबाई म्हणाली, "मग रविवारपर्यंत तुम्हीच बघा एखादं स्थळ." चेष्टेनं म्हणाली बिचारी. मी खरंच बघायला लागले.

पहिलं घर वाकडचं, सूनबाईच्या ओळखीतलं. नवराबायको दोघं कॉम्प्युटरवाली, बोलायला गोड. फरशी अशी चकचकीत की मी चपला बाहेर काढल्या तरी पाय ठेवायला लाजले. कुत्र्यासाठी गादीसुद्धा आणून ठेवली होती हो त्यांनी. मी विचारलं, "दिवसभर घरात कोण असतं?" ती म्हणाली, "कुणी नाही आजी, पण कॅमेरा आहे ना, ऑफिसातून मोबाइलवर सगळं दिसतं." माणसं चांगली होती, वाईट बोलायचं नाही मला. पण कुत्र्यानं दिवसभर कॅमेऱ्याशी काय बोलायचं? मी नको म्हणाले. खाली आल्यावर सूनबाई जी सुरू झाली! "एवढं सोन्यासारखं स्थळ घालवलंत आई. आता कुणाच्या गळ्यात बांधणार?"

दुसरं घर चाकणचं. मुलाच्या कंपनीतला, त्याच्याच लाइनवर काम करणारा एक जण, लातूरकडचा, बायको दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. मुलगा म्हणे, "तिथं नको आई. त्यांच्या शिफ्ट उलट्यापालट्या. तो सकाळी तर ती दुपारी. एकमेकांचं तोंड दिसत नाही त्यांना, कुत्र्याकडं काय बघणार?" मी म्हटलं, "येड्या, म्हणजे घरात कायम कुणीतरी असतंय की!" त्याला हे सुचलंच नव्हतं.

तुम्ही मला द्यायच्या आधी मोशीला आला होता ना, ते सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या. "तुझा बाप नवऱ्या मुलाकडं बघंचना, सरळ गोठ्यात!" बैलाच्या खांद्यावरून हात फिरवलात, मग पटका सारखा करायचं निमित्त करून त्याच्या तोंडापुढं हात एकदम वर नेलात. बैलानं मान चुकवली नाही. तेव्हा कुठं तुम्ही पोह्यांची बशी हातात घेतलीत. आईला घरी येऊन म्हणालात, त्या घरात मारायची सवय न्हाई, पोरगी देऊ. सासरी मला कुणी कधी बोट लावलं नाही, आबा. तुमचं बघणं चुकलं नव्हतं.

पण चाकणला एका खोलीत गोठा कुठला? दोघांना सुट्टी होती त्या दिवशी गेलो होतो. मी बसलेय खाटेवर, इकडंतिकडं बघतेय, काय तपासावं कळत नाही. तेवढ्यात त्यांची पोरगी, असेल पहिली-दुसरीतली, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली आणि सगळा माझ्या लुगड्यावर ओतला. बाप झटक्यात उठला, त्याचा हात वर गेला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, पोरीच्या मानेकडं बघत राहिले. दोरीवरचा टॉवेल ओढायला गेला होता तो हात. पोरीनं मान चुकवली नाही, पापणी हलवली नाही, उलट बापालाच दटावलं, "पप्पा, तो नका देऊ, त्यानं तुम्ही गाडी पुसता!" पोरीची आई चहा गाळता गाळता हसत म्हणाली, "आजी, हिच्यापुढं कुणाचं चालत नाही बघा आमच्यात." मी ओल्या लुगड्यानंच म्हटलं, "कुत्रं तुमचं." मुलगा बघतच राहिला. "आई, तू अजून काही विचारलंच नाहीस!"

रविवारी पोचवून आलो. माझं जुनं मऊ लुगडं अंथरायला दिलं, चार भाकरी बांधून दिल्या. सूनबाई म्हणाली, "ओटी पण भरा आता!" पण पायाला चोळायच्या तेलाची बाटली तिनंच आठवणीनं पिशवीत घातली. परत येताना गाडीत मी मुलाला तुमचं आणि बैलाचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू आबांच्या वर निघालीस गं." काय सांगू तुम्हाला, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, नेहमी माझी कंबर धरते, त्या दिवशी धरली नाही. आता बिल्डिंगीतल्या बायका मला विचारायला येतात, आजी, आमच्याकडंही एक मांजर आहे, बघाल का घर? मी म्हणते, बघू, सवड झाली की.

चौथीपर्यंत शाळेत घातलंत, तेवढ्या जोरावर हे लिहितेय. पाठवायचं कुठं नाहीच, पण कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्याला कळेल असे तुम्हीच.

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी मी चाकणला फोन केला. विचारलं, "रडलं का गं ते, माझ्यासाठी?" पोरीची आई म्हणाली, "नाही आजी, अजिबात नाही. पोरीच्या पायाशी झोपलं निवांत." मी म्हटलं, बरं झालं बाई. आणि खरंच बरं झालं. पण आबा, थोडंसं रडलं असतं, तर मला चाललं असतं.