टर्बो ठेवला, गाडी उचलली

पोलादपूर,
१८ एप्रिल २००४

प्रिय सुहास,

फोनवर मी गाडीचं नाव काढलं की नेमकी तुझ्याकडची लाइन खराब होते, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच "आई, नंतर बोलू" म्हणता येणार नाही. मस्कतला एव्हाना ऊन मी म्हणत असेल. इथे सगळं ठीक आहे. तुझे बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दिवसातून दोनदा बाजारात जातात आणि दोन्ही वेळा काहीतरी विसरून येतात. माझी शाळा घाटाच्या पायथ्याला होती तिथेच आहे, बदली झाली नाही. आणि मी गाडी चालवायला शिकले. हो, तीच गाडी. आपली पांढरी मारुती आठशे. आता जरा खाली बस आणि पुढचं सावकाश वाच.

तू गेलास आणि बाबांनी तिच्यावर निळी ताडपत्री टाकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसायचंच नाही. भाकरी थापताना ती समोर, भांडी घासताना ती समोर. आम्ही दोघंही तिच्या बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवायचो, आणि एकमेकांचं ते वळवणं दोघांनाही दिसायचं. गेल्या गणपतीनंतरच्या एका रविवारी मला त्याचा कंटाळा आला. मी ताडपत्री ओढून काढली. आत मांजरीने मागच्या सीटवर पिल्लं घातली होती. ती मोठी होईपर्यंत थांबले आणि मग महादू मेस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं आणि एकेक नळी हलवून बघितली. म्हणाला, "बाई, विकायची आसंल तर गिऱ्हाईक हाय. पण भंगारात नका देव. पोरांनी जीव वतलाय ह्याच्यात." मी म्हटलं, "विकायची नाही, चालवायची आहे." "कोण चालवनार?" "मी." तो हसला नाही, एवढ्यासाठी मी त्याला दोनदा चहा दिला.

मला त्या दिवाळीची सुट्टी अजून डोळ्यांपुढे दिसते. तू आणि रामा. माझ्या शाळेत एका बाकावर बसणारी दोन पोरं, एवढी मोठी होऊनही एकाच बॉनेटमध्ये डोकी घालून उभी. कारखान्यातून सुटला की रामा बिरवाडीच्या खोलीवर न जाता थेट आपल्याकडे यायचा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तुम्ही कुठल्याशा जपानी गाडीचा तो गोगलगाईसारखा लोखंडी तुकडा, तुमचा टर्बो, पिशवीत घालून आणलात, तेव्हा मला वाटलं, काय हे ध्यान. तू मला ओट्याशी बसून समजावलंस. इंजिनाचा वाया जाणारा धूर ह्यातला पंखा फिरवतो, तो पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो, आणि घाटात दम लागणारी गाडी दम न लागता चढते. मी वर्गात इतकं सोपं करून सांगत नाही. मग तुम्हाला वाटलं, गाडी नुसती पळून चालणार नाही, रस्त्याला चिकटून पळाली पाहिजे. तुम्ही चारही स्प्रिंगा कापून आखूड केल्यात. गाडी इतकी खाली बसली की बाबा म्हणाले, "ही गाडी आहे की जेवायचा पाट?" पोलादपूरच्या प्रत्येक गतिरोधकावर ती तिरकी करून काढावी लागायची आणि तरी पोट घासायचीच. पण महाबळेश्वरची चढण ती शिट्टी वाजवत चढायची, तेव्हा एसटीतली माणसं खिडकीतून मान काढून बघायची. मीही एकदा मागे बसले होते. तोंडाने तुम्हाला ओरडत होते आणि मनातून मला फार मजा वाटत होती, हे तेव्हा सांगितलं नाही.

तर शिकवणी. महादू मेस्त्री मला रविवारी बिरवाडीच्या कारखान्यांमधल्या सरळ रस्त्यांवर न्यायचा. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडीने बेडकासारख्या उड्या मारल्या आणि पाळी सुटलेले कामगार टाळ्या वाजवायला लागले. मी उतरून त्यांना नमस्कार केला आणि पुन्हा बसले. महिनाभराने जरा जोरात दाबलं, तर एक क्षण काहीच झालं नाही, मग बॉनेटमधून ती शिट्टी आली आणि कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी सुटली. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. त्या दिवशी मला कळलं की तुम्ही दोघं सुट्टीभर जेवायला हाका मारूनही का येत नव्हतात. लायसन्सच्या परीक्षेला पेणच्या आरटीओ साहेबांनी विचारलं, "मॅडम, ही शिट्टी कसली?" मी म्हटलं, "मुलाने केलेलं काम आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही. पास केलं.

आता ज्या गोष्टीला आपण तीन वर्षं वळसा घालतोय, ती. गाडी दुरुस्त करताना महादू म्हणाला, "टर्बो काढून टाकतो, बाई. त्याच्यामुळंच झाला सगळा." सगळं गाव हेच म्हणत होतं, बाबाही. मी त्याला विचारलं, त्या दिवशी मोडलं काय होतं? तर स्प्रिंग. आंबेनळी घाट उतरताना खड्ड्यात चाक खाली गेलं आणि कापलेली, ढिली स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटली. गाडी डाव्या अंगाला ओढली गेली आणि कातळावर आदळली. रामा त्या बाजूला बसला होता. त्याची मांडी मोडली, तुला साधं खरचटलंही नाही. मी महादूला म्हटलं, "मग टर्बोचा काय दोष? तो तसाच ठेव. स्प्रिंगा मात्र पूर्ण लांबीच्या नव्या घाल." त्याने तसं केलं. आता गाडी चार बोटं वर उचललेली आहे, घासत नाही, आणि शिट्टी वाजवते. शाळेतल्या पोरांना लांबून कळतं की बाई आल्या.

तू रामाला हॉस्पिटलात एकदाच भेटलास, त्याच्या उशाशी उभा राहिलास आणि एक शब्द न बोलता निघून आलास. मग मस्कत. प्रत्येक फोनवर तू शेजाऱ्यांच्या म्हशीचीसुद्धा चौकशी करतोस. रामाचं नाव घेत नाहीस. मी वाट बघितली. घेशील, घेशील म्हणून.

होळीनंतर तो स्वतःच आला. पायात सळई आहे, थोडा लंगडतो, पण कारखान्यात परत कामावर जातो. दारातूनच म्हणाला, "बाई, गाडी चालवता म्हनं. मला न्या की वर." बाबा कसंनुसं तोंड करून आत गेले. मी चावी घेतली.  अख्ख्या चढणीत तो नुसता कान लावून बसला होता, शिट्टी आली की मान हलवायचा. अपघाताच्या त्या वळणाशी मी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढून ठेवला. तो उतरला, कातळापाशी गेला, हाताने चाचपला आणि परत येऊन खिडकीशी वाकला. "सुहास फोन करतो का, बाई?" "करतो." "माझा इचारतो?" मी खोटं बोलले नाही. तो चिडलाच. "त्या स्प्रिंगा मी धरल्या व्हत्या आनि त्यानं कापल्या. 'आजून थोडी खाली घे' आसा मीच बोललो व्हतो. गाडी दोघांची व्हती. मंग त्यानं एकट्यानंच कशाला घेतला सगळा? माझा वाटा मला दे म्हनावं त्याला." एवढं बोलून तो डाव्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसला आणि म्हणाला, "चला. जोरात घ्या जरा." मी घेतली. वर पोचेपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. माझे डोळे पुसायचं काम त्याने केलं, कारण मला हात सोडता येत नव्हता.

सुहास, येत्या बावीस मेला रामाचं लग्न आहे. शिवथरची मुलगी आहे, ज्योती नाव. त्याची आई साळूबाई सांगायला आली तेव्हा म्हणाली की पोरगा हटून बसलाय, नवरदेव म्हणून जाईन तर त्याच पांढऱ्या गाडीतून, आणि चालवायला सुहास. त्यांच्या वाडीवर आता कच्चा रस्ता गेलाय. मी परवा जाऊन बघून आले, उचललेली गाडी आरामात चढते. पोरं मागे धावत होती. तर यासाठी हे पत्र. तू यावंस असं मला वाटतं, रामाला तर वाटतंच, आणि बाबांनी न सांगता तुझी खोली झाडून ठेवली आहे. आलास, तर चावी तुझ्या हातात देईन आणि मागे साळूबाईशेजारी बसेन. पण तुझी हिंमत झाली नाही, तरी माझा राग नाही. तुझ्या मित्राचं लग्न अडणार नाही. बावीस तारखेला सकाळी गाडी वाडीवर जाणार म्हणजे जाणार. तू नसलास, तर मी चालवीन.

तुझीच,
आई