मायची सही आणि तुझी साक्ष

मानवत,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आदरणीय धम्मशीला आक्कास,
धाकट्या पंडितचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं बीपी आणि त्यांचा रेल्वेतल्या साहेबावरचा राग, हे दोन्ही एकाच गोळीनं उतरतात असं तू म्हणाली होतीस. गोळी चालू ठेवा. आता फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं मायला ऐकू जातं. अर्धं अंग गेलं तरी कान दोन्ही शाबूत आहेत. बाहेर जाऊन बोलावं तर गल्लीला तीनशे कान. म्हणून शाळेच्या ऑफिसात बसून, शाळेच्याच कागदावर हे लिहितो आहे.

जुलैत तिची उजवी बाजू गेली तेव्हा तू पंधरा दिवस राहून गेलीस. तू गेल्यावर तिची जीभ थोडी वळली, पण एकाच शब्दापुरती. तो शब्द म्हणजे ‘न्हाई’. डॉक्टर म्हणाले, असं होतं, होय म्हणायचं असलं तरी तोच शब्द बाहेर पडतो. आता तूच सांग, चहा घेणार का विचारलं की जन्मभर आधी ‘न्हाई’ म्हणून मग दोन कप पिणाऱ्या बाईचा हा आजार आम्हाला ओळखू यावा कसा? रेणुकाला सून म्हणून वीस वर्षांचा अनुभव, तरी तिला फरक कळायला आठ दिवस लागले. आता आम्ही शब्द ऐकत नाही, डावा हात बघतो. तळवा उघडला म्हणजे होय, मूठ मिटली म्हणजे नाही. बहुतेक वेळा मूठच असते.

अण्णांच्या मागे मिळणारी पेन्शन तिच्या खात्यात येते. येते, पण बाहेर पडत नाही. कार्ड तिनं कधी घेतलं नाही, कारण कार्डाला सही लागत नाही, आणि सहीशिवाय बँकेत जाण्यात तिला काही अर्थ वाटायचा नाही. खिडकीशी उभी राहून ती ‘लक्ष्मीबाई सटवाजी वाव्हळ’ असं अख्खं नाव काढायची, तोवर मागचे लोक बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे. ते नाव तिला तूच शिकवलंस, सातवीत असताना, पाटीवर. ‘ल. स. वाव्हळ’वर भागवा असं मी सुचवलं होतं, तेव्हा तुम्ही दोघींनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. पहिली सही जमली त्या दिवशी रोजगार हमीच्या हजेरीची अंगठ्यावरची शाई तिनं राखेनं घासून काढली आणि म्हणाली, “आता मेले तरी कुठं अंगठा देनार न्हाई.” त्यानंतर तिनं आपली प्रगतिपुस्तकं, विहाराची वर्गणी, गॅसची पावती अशी जिथं लागेल तिथं सही केली, आणि लागत नव्हती तिथंही केली.

बँकेत माझे चार हेलपाटे झाले. बावीस वर्षं मी लोकांना टीसीसाठी ‘उद्या या’ म्हणत आलो. ते सगळे ‘उद्या’ साठून माझ्याच वाट्याला येणार हे ठाऊक असतं, तर दोनचार दाखले तरी त्याच दिवशी दिले असते. पहिल्यांदा सही जुळेना. (तिचा हात धरून मीच करवली होती. ती ना तिची झाली ना माझी.) दुसऱ्यांदा केवायसी, तिसऱ्यांदा जेवणाची सुट्टी. चौथ्यांदा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आजी हयात आहेत याला पुरावा काय? मी म्हटलं, घरी चला, भाजीत मीठ कमी घालू, मग ताट कुठवर जातं ते बघा.

शेवटी मॅनेजर शिवप्रकाश साहेब (सेलूचे, भला माणूस) स्वतः घरी आले. म्हणाले, “मावशी, अंगठा द्या. खातं अंगठ्याचं करून टाकू, पंडितराव पैसे आणत जातील.” मूठ. “बरं, हाताचा नको तर पायाचा बी चालतो, नियम हाय तसा.” यावर मायचा जो ‘न्हाई’ आला तो चौथ्या घरात ऐकू गेला. साहेबांनी उचललेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. जाताना दारात हळूच म्हणाले, “डाव्या हातानं सही शिकल्या तर नवीन नमुना घेऊ आमी. घाई करू नका.”

पण घाई मला होती. मालिशवाली बाई, औषधाचा दुकानदार आणि डायपर, यांना ‘उद्या या’ म्हणता येत नाही. तर आनंदाची बातमी अशी की काम झालं आहे. सोबत अर्ज पाठवतो आहे. त्यावर मायचा अंगठा आहे, माझी साक्ष आहे, आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी पेन्सिलीनं फुली मारली आहे. तिथं तुझी सही कर आणि लगेच स्पीड पोस्टानं पाठव. वाचत बसू नकोस.

दाजींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.
तुझा भाऊ,
पंडित

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. मायनं अंगठा दिला असं तुला वाटेल. दिला नाही, मी घेतला. मंगळवारी दुपारी जेवून ती झोपली होती. शाळेतलं स्टॅम्प पॅड मी घरी आणलं होतं. उजव्या हाताला काही कळत नाही. उचलला, टेकवला, परत चादरीवर ठेवला. साक्षीला शेजारचे माणिकरावही चालले असते. तुझं नाव मी मुद्दाम घातलं, म्हणजे हे माझ्या एकट्याचं राहणार नाही.

ता. क. २. शाई पुसायची राहिली. उठल्यावर तिनं अंगठा पाहिला आणि ‘न्हाई’सुद्धा म्हणाली नाही. डाव्या हातात पदर धरून घासायला लागली. रेणुकानं साबणानं धुतलं, तरी नखाच्या कडेला निळं राहिलंच. त्या अंगठ्याला दुखत नाही, म्हणून ती थांबत नाही. कातडी निघून रक्त आलं. मी पट्टी बांधली, तर पट्टीवरूनच घासते. आक्का, मला फार लाज वाटते गं.

ता. क. ३. सही करू नकोस, अर्ज फाडून टाक. मी फाडला असता, पण औषधाची चिठ्ठी समोर दिसते आणि हात मागे येतो. त्यापेक्षा तूच ये. माळ्यावरून तुझी पाटी काढली आहे, एक कोपरा उडालाय, बाकी चांगली आहे. खडू शाळेतले आहेत (विचारून आणले). पहिला ‘ल’ येईपर्यंत राहा, पुढचं मी बँकेत सांभाळतो, कितीही ‘उद्या’ म्हणाले तरी. तुझ्या हातून ती शिकेल. मी तीन दिवस रोज खडू पुढं करतो आहे. ती माझ्याकडे बघत नाही. डावी मूठ मिटून घेते, अंगठा आत धरून.