जसे नाव तसे

॥ श्री ॥
नानपुरा, सुरत
९ ऑक्टोबर १९९५

चि. गजेंद्र यास भागीरथीताईचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही म्हणून तुझ्यावर रागावले होते. आता काम निघाले आहे, तेव्हा राग पुढच्या खेपेस.

माझ्याकडे अकरा वर्षे स्वयंपाकाला येणारी सुंदरा तुला आठवत असेल. गेल्या खेपेला तिच्या कळण्याच्या भाकरीबरोबर तू वाटीभर ठेचा संपवलास आणि दोन दिवस पोट धरून बसलास. तिचा एकुलता मुलगा दगा कोसाडला राहतो, लग्न झालेले आहे, तिशीचा आहे. दहा वर्षे एकाच शेठच्या लूमवर होता. मागच्या महिन्यात शेठने यंत्रे भंगारात काढली आणि कामगारांना ते कुलूप पाहून कळले. मला या शहराचा वीट आला आहे. माणसाला सांगण्याइतकेही शब्द कोणी खर्च करत नाही.

दगा जातीचा कोळी, लहानपणी तापीत जाळे टाकलेला. आता म्हणतो, ओख्याला बोटीवर खलाशी होतो, पाणी तेच, फक्त पुढे गेलेले. सुंदरा रडते आहे. तिची आधीची तीन मुले गेली तेव्हा चौथ्याला दगडावरून हे नाव ठेवले, म्हणजे यमाला वाटावे इथे नेण्यासारखे काही नाही. आपल्या खानदेशात याचे कोणाला नवल नाही, पण सुरतेत दगा म्हणजे नुसता विश्वासघात. लूमच्या मुकादमाने त्यावर दहा वर्षे विनोद केला, तोही एकच.

तू तिथेच आहेस, तर बोटीवर जायला काय कागद लागतात ते कळव. तब्येत सांभाळ, आणि पत्राला पत्र पाठवण्याची जुनी सवय पुन्हा लाव.

तुझी ताई


ओखा
१७ ऑक्टोबर १९९५

ती. ताईस गजेंद्रचा साष्टांग नमस्कार.

ठेच्याची आठवण पोटाला अजून आहे.

दगाला जरूर पाठव. मुंबईच्या स्फोटांपासून किनाऱ्यावर कडक झाले आहे, बिनकागदाचा माणूस बोटीवर चढत नाही. त्याला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचे दोन ओळींचे इंग्रजी पत्र, फोटो आणि सही, एवढे पुरते. तुझ्याइतके प्रतिष्ठित सुरतेत कोण? पत्र त्याने सतत अंगावर ठेवावे. आणि ताई, जसे नाव तसे लिही.

तू नेहमी विचारतेस की आम्ही समुद्रात नक्की काय राखतो. सत्त्याहत्तर साली तटरक्षक दल उभे राहिले तेव्हा नौदल सोडून मी पहिल्या तुकडीत गेलो. नौदलाने दिलेली जुनी जहाजे, अंगावर नवे गणवेश, आणि हद्द कुठे ते नकाशावर. अठरा वर्षे झाली, हद्द अजून नकाशावरच आहे. पाण्यावर रेघ दिसत नाही. पापलेट त्या रेघेच्या पलीकडे गेले की बोटीचा म्होरक्या तांडेलही जातो, आणि पलीकडची गस्त टपलेली असते. दगाला सांग, तांडेल लोभी वाटला तर पहिल्या फेरीनंतर उतर.

बर्थाबाईंनी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

गजेंद्र


नानपुरा, सुरत
२४ जानेवारी १९९६

चि. गजेंद्र यास आशीर्वाद.

मला बर्था म्हणू नकोस, हे चाळीस वर्षांत शंभरदा सांगितले. आणि आज विनोदाची वेळ नाही.

दगाची बोट पकडली गेली हे तुझ्या तारेने कळले. सहा माणसे, सहाही कराचीच्या तुरुंगात. तुझी ती रेघ दिसत नाही म्हणतोस, मग तिच्यावर माणसे कशी अडकतात? तुम्ही इशारा दिला होता आणि तांडेलाने ऐकले नाही, हेही कळले. ऐकले नाही तर कान धरून ओढून आणायचे. मोठ्या बहिणीने भावाला आणले असते.

सुंदराला घेऊन तीन कचेऱ्या फिरले. पहिल्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते आणि आम्ही निघेपर्यंत जेवतच होते. दुसऱ्या ठिकाणी दुसरीकडे जा म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी तोंडात पानमसाला भरलेल्या कारकुनाने नाव विचारले. सुंदराने सांगितले. तो आधी हसला, मग शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावले, आणि मला म्हणाला, बेन, आवा नामवाळाने तो त्यांज राखवो जोईए, असल्या नावाच्याला तर तिथेच ठेवायला हवे. मी त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत जे सांगितले ते त्याला समजले नाही, पण त्याने मसाला गिळला. शिसारी आली, गजेंद्र. माझ्याच करातून या लोकांचे पंखे फिरतात.

सुंदरा तिथे बाकावर बसून पदराने लाकूड पुसत होती. दगाची बायको छाया चार महिन्यांची गरोदर आहे. सहाही जणांची ओळख पटली की सुटका होते असे तू तारेत लिहिलेस. मग पटवा ओळख. नाव सोपे आहे, दोन अक्षरी आहे, गाढवालाही लिहिता येईल.

उत्तर लवकर पाठव. आशीर्वाद आहेत, पण आज त्यांना धार आहे.

ताई


ओखा
११ मार्च १९९६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

आपल्या वकिलातीची माणसे तुरुंगात भेटून आली. पाच जणांचे पत्ते जुळले, त्यांची नावे सुटकेच्या यादीत गेली. सहाव्याचे अडले आहे. तो स्वतःचे नाव दगा भिकन कोळी सांगतो. झडतीत त्याच्या सदऱ्याच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत एक इंग्रजी ओळखपत्र सापडले. त्यावर फोटो त्याचा आहे आणि नाव दिगंबर भिकन कोळी आहे. दोन नावांचा माणूस म्हणजे हेर, असे पलीकडच्यांनी धरले आहे. त्याला बाकीच्यांपासून वेगळे ठेवले आहे. इकडच्या पोलिसांनी कोसाडला चौकशी केली, दिगंबर नावाचा कोणी राहत नाही असा शेरा मारून कागद परत पाठवला.

बोटीची चौकशी आमच्याकडे असल्याने त्या ओळखपत्राची नक्कल माझ्या टेबलावर आली. ती सोबत जोडली आहे. खालची सही ओलीने पसरून वाचता येत नाही, पण टंकलेखन निर्दोष आहे, एकही खाडाखोड नाही. फक्त प्रत्येक ‘ई’ अक्षराचे पोट शाईने भरलेले आहे. आपल्या घरातल्या रेमिंग्टनचे ते दुखणे मी लहानपणापासून पाहतो आहे.

मी कोणाला काही बोललेलो नाही. तू सांगशील तसे करतो.

तुझा
गजेंद्र


नानपुरा, सुरत
१६ मार्च १९९६

चि. गजेंद्र,

आशीर्वाद द्यायचे तोंड राहिलेले नाही, तरी घे.

होय, मीच. टंकयंत्रात कागद घातला, ‘दगा’ लिहायला बोट उचलले आणि मनात आले, असले नाव घेऊन हा परक्या गावी जाणार, लोक हसणार. आपल्या सहीच्या पत्रात बरे दिसेल असे काहीतरी असावे. दिगंबर लिहिले. त्याला विचारले नाही. त्याला इंग्रजी येत नाही, मी वाचूनही दाखवले नाही. त्याने ते पत्र कपाळाला लावले आणि सदऱ्यात ठेवले. दिगंबर म्हणजे उघडा. तसाच मी त्याला समुद्रावर धाडला.

भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिल्याच दिवशी सिस्टर अ‍ॅग्नेसच्या जिभेला भागीरथी पेलेना, म्हणून तिने हजेरीत बर्था लिहिले. अकरा वर्षे मी त्या नावाला ‘प्रेझेंट’ म्हणाले. तिची मला अजून चीड आहे. तिनेही मला विचारले नव्हते. त्या मसालेवाल्या कारकुनाने निदान नाव खरे लिहून घेतले होते.

काल सुंदराला सगळे सांगितले. वाटले होते, काम सोडून जाईल, दोन शिव्या देईल, मला बरे वाटेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, “बाई, तो मन्हा दगाच शे. तेवढं लिखी द्या.”

आज कोर्टात प्रतिज्ञापत्र करून आले. वकील म्हणाला, टंकलेखनातील चूक असे लिहू, तुमच्यावर काही येणार नाही. मी सांगितले, एकतीस वर्षे स्टेनो होते, माझ्या हातून टंकलेखनात चूक झालेली नाही. लिहा, की मी जाणूनबुजून, त्या माणसाला न विचारता, स्वतःला शहाणी समजून नाव बदलले. शहाणी शब्द त्याने गाळला. बाकी तसेच आहे. सोबत सुंदराचे रेशनकार्ड आणि दगाचा शाळेचा दाखला, दोन्हीवर नाव दगा.

हे तुझ्या हाताने वर पाठव, टपालाच्या भरवशावर नको. आणि माझी लाज वाचवायला मध्ये एकही ओळ घालू नकोस.

ताई


ओखा
२ एप्रिल १९९६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

प्रतिज्ञापत्र दिल्लीला गेले. एकही ओळ घातली नाही. पाच जणांची यादी पुढे सरकली आहे, दगाचे नाव आता पुढच्या यादीत घेतील. ती कधी निघेल हे कोणी सांगत नाही, मीही खोटे सांगत नाही. सुंदराला आणि छायाला एवढेच सांग, की त्याला पुन्हा बाकीच्या खलाशांत ठेवले आहे.

पुन्हा तुला बर्था म्हणणार नाही. त्या नावामागचे मला ठाऊक नव्हते.

गजेंद्र


॥ श्री ॥
नानपुरा, सुरत
२१ ऑगस्ट १९९७

चि. गजेंद्र यास अनेक आशीर्वाद.

दगा आला. अमृतसरहून गाडीने, पायात दोन वेगळ्या चपला. त्याच्या मुलीने, म्हणजे वर्षाच्या धनश्रीने, त्याला पाहून भोकाड पसरले. त्याने तिला उचलले नाही, दाराशी बसून राहिला. तासाभराने ती स्वतःच रांगत जवळ गेली.

बाकीचे पाच वर्षभर आधी सुटले होते. ते वर्ष माझ्या नावावर आहे, कोणी मागितले नाही तरी.

तिथले पहारेकरी आधी त्याच्या नावाला हसत. एका म्हाताऱ्या शिपायाने अर्थ विचारला, याने दगड दाखवला. तेव्हापासून तो शिपाई याला पत्थर म्हणून हाक मारी आणि आपल्यातली अर्धी रोटी देई. हे सांगताना दगा हसला. मला हसू आले नाही.

आणि आता ऐक, नालायकपणाची हद्द. काल तो आईला घेऊन आला आणि म्हणाला, नवा हंगाम सुरू झाला, दुसरा तांडेल चांगला आहे, जातो. मी जे बोलायचे ते सगळे बोलले. सुंदराने त्याला अडवले नाही, कारण लूम कुठेही उघडलेले नाही आणि तिला ते ठाऊक आहे. एकोणीस महिने कैद भोगून माणसाला पुन्हा तिथेच जावे लागते, अशा देशाची मला किळस येते, आणि तुझ्या त्या रेघेचीही.

मग त्याने नवे पत्र मागितले. माझ्याकडेच.

मी टंकयंत्र काढले. तो खुर्चीच्या मागे उभा राहिला, याआधी कधी राहिला नव्हता. लिहून झाल्यावर मी कागद दिला, त्याने घेतला नाही. म्हणाला, बाई, वाची दखाडा. मी वाचले. नाव आले तेव्हा त्याने थांबवले आणि एकेक अक्षर म्हणायला लावले. डी. ए. जी. ए. त्याने चारही ऐकली, सुंदराकडे पाहिले, आणि मगच घडी घातली. या वेळी कपाळाला लावले नाही.

बंदरावर आला की त्याला भेट. हाक मारशील तेव्हा मोठ्याने मार.

तुझी
भागीरथी