घागर घेऊन पळणाऱ्या माणसाचा खुलासा

ती. सौ. शिवकांता अक्का यांसी,
शरणार्थ.

मी, गुरुलिंग माणिकप्पा निटुरे, बी.कॉम., वय वर्षे पंचावन्न, लातूर येथील एका सरकारी कार्यालयातील लेखापाल आणि आपला सख्खा धाकटा भाऊ, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. आईला उन्हाळाभर नांदेडला पाठवावे, ही आपली सूचना चैत्री पौर्णिमेपर्यंत मान्य करता येणार नाही. (सख्ख्या बहिणीलाही कचेरीसारखे पत्र लिहितोस, अशी आपली तक्रार असते. ती रास्त आहे. पण पंचविशीत लागलेले वळण या वयात सुटत नाही.) दाजींच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला असेल, अशी आशा करतो. आईची प्रकृती उत्तम आहे. माझ्या प्रकृतीचा वृत्तांत पुढे सविस्तर येईल.

गतवर्षीच्या चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत, औशाजवळच्या आपल्या गावी, घराण्याच्या मानाची महादेवाची काठी मी मठापासून देवळाच्या निम्म्या वाटेपर्यंत आणली आणि तेथे माझ्या पायांनी माझे ऐकणे बंद केले, हे आपण पाहिलेच आहे. आपले चिरंजीव नरसिंग यांनी ऐन वेळी हात लावला म्हणून ती भुईला टेकली नाही. टेकली असती तर मान भावकीतल्या भीमाकाकांच्या घरी गेला असता. रीतच तशी आहे. (भीमाकाका तेव्हापासून रोज गूळ-शेंगदाणे खातात, असे कळते.) लेकीचे घर वेगळे, तेव्हा यंदा आपल्या घराबाहेरच्या कोणी काठीला हात लावायचा नाही, असे पंचांनी बजावले आहे. काठी सध्या माझ्या परसात भिंतीला टांगलेली असून येता-जाता माझ्याकडे पाहत असते.

या कारणाने मी डॉ. निजामोद्दीन यांच्याकडे गेलो. जिल्हा झाल्यापासून लातुरात पाट्याच फार झाल्या, असे आपण म्हणता. पण हृदयाचा आलेख काढणारे यंत्रही आले आहे, हे मान्य केले पाहिजे. माझा आलेख समाधानकारक निघाला. माझी समजूत मात्र चुकीची निघाली. यंत्र वापरले की घसारा होतो, हे वाणिज्याचे तत्त्व शरीराला लावून मी तीस वर्षे हातपाय जपून वापरले होते. डॉक्टर म्हणाले, "काका, हे यंत्र ठेवून दिल्यानं जास्त झिजतं." चाळिशीनंतर मांडीचे स्नायू हळूहळू बारीक होतात, हृदय हाही स्नायूच, वयाने त्याची भिंत ताठर होते आणि कितीही जोर केला तरी नाडी तरुणपणाइतकी वर चढत नाही. परंतु रोज दम लागेल इतके चालले-पळले, थोडे वजन उचलले, तर सत्तरीतही मांडी भरते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त लोटू लागते.

मी दोन्ही उपाय एकत्र केले. काठीचा भार कमरेवर येतो, म्हणून कमरेवर तांब्याची घागर घेतली; दुष्काळात व्यायामासाठी पाणी वापरणे अप्रशस्त, म्हणून तिच्यात वाळू भरली; आणि कोणी पाहू नये म्हणून पहाटे निघालो. योजना निर्दोष होती. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पहाटे घागर घेऊन पळणाऱ्या सरकारी नोकराचा अर्थ लोक काय लावतील, एवढाच तेवढा विचार करायचा राहून गेला.

शेजारच्या जोहराबी ओट्यावर होत्या. "उठा गं, निटुरेसाब पळून राहिले! टँकर आला!" असे काहीसे कानी आले. मागे पावले वाजू लागली. (मागे पावले वाजली की कोणत्याही वयाचा माणूस वेग वाढवतो.) मी वाढवला, त्यांनीही वाढवला. कचेरीमागच्या मैदानात मी घागर टेकवली, तेव्हा निम्मी गल्ली हंडे-कळशांसह भोवती उभी होती. जोहराबींनी घागरीत हात घातला.

"रेती? साब, प्यायला पानी न्हाई अन् तुमी रेती फिरवून राहिले?"

"व्यायाम आहे," मी म्हणालो.

"आमचा बी झाला की मग!"

दुसऱ्या दिवशी मी दारोदार जाऊन खुलासा केला की माझ्या पळण्याचा पाण्याशी काडीमात्र संबंध नाही. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. सरकारी माणूस घरी येऊन सांगतो, म्हणजे नक्की काहीतरी दडवतो, असे ठरले आणि पुढच्या पहाटे उरलेली निम्मी गल्लीही पळाली. टँकरवाले ज्ञानोबा यांनी मैदानावर एवढी गर्दी पाहून टँकर तेथेच थांबवला. झाले! आता तो रोज तेथेच थांबतो आणि मला सुट्टी नाही. एकदा पोटरीत गोळा आला म्हणून पडून राहिलो, तर दारात हंडे वाजू लागले.

आणि या सर्वांत आई आहे. वय शहात्तर. ती पळत नाही, चालते. तरी मी मैदानात पोहोचतो तेव्हा ती रांगेत पहिली असते आणि तिला धाप लागलेली नसते. (डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि मलाच विचारले, "यांना मी काय सांगू?") परतताना दोन्ही हातांत भरल्या कळशा घेऊन ती मागून ओरडते, "गुरू, कंबर ताठ! तुझा बाप असा वाकत नव्हता!" या धाकाने मी आता कचेरीचा जिना न थांबता चढतो. अशा वेळी तिला नांदेडला हलवणे तिच्या हृदयास अपायकारक ठरेल, असे वैद्यकीय मत आहे.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ता.क. – वैद्यकीय मत माझे आहे, आणि अपाय माझ्या हृदयास होईल. आईने परवापासून एक गाठोडे बांधून दाराआड ठेवले आहे. ते नांदेडचेच असणार. ती गेली तर मी निम्म्या वाटेवरच राहीन. ती माझे ऐकणार नाही, आपले ऐकेल. तरी नांदेडलाही यंदा पाण्याची फार ओढाताण आहे, अशा दोन ओळी तिला त्वरित लिहाव्यात. गोदावरीची क्षमा मी जत्रेनंतर स्वतः येऊन मागेन.

पुन्हा ता.क. – आईने हे पत्र माझ्याकडून वाचून घेतले आणि गाठोडे माझ्यासमोर सोडले. आत आप्पांचा काठी पेलायचा कातडी पट्टा निघाला. तिने सांगितलेला मजकूर जसाच्या तसा देत आहे: "शिवकांते, मी काय येत न्हाई. ह्यो कचेरीत गेला की मी परसात काठी उचलून बघून राहिले. ह्यानं नेली तर लई चांगलं. न्हाई नेली तर मी हाय की घरचीच. भुईला टेकू देनार न्हाई. तू बी जत्रेला ये. अन् पाण्याचं खोटं लिहू नको."

पट्टा मी तपासला. त्याला एक नवे भोक पाडलेले आहे आणि ते माझ्या कमरेच्या मापाचे नाही. बरेच आत आहे. सबब, उद्यापासून घागरीत वाळू वाढवीत आहे.

आपला आज्ञाधारक बंधू,
गुरुलिंग माणिकप्पा निटुरे
लातूर, दि. ४ एप्रिल १९८६